वाढ्याच्या पेंडीचा हिशोब

आमच्या शाळेचा पट जूनमध्ये भरत नाही, पाडव्याच्या आगेमागे भरतो. बीड जिल्ह्यातल्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली वस्ती, जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा. दसरा-दिवाळी उरकली की निम्मं गाव कारखान्याला जातं. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी कर्नाटकात बेळगाव-बागलकोटकडे. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीलाच कोयता म्हणतात, आणि कोयत्याबरोबर पोरंही जातात. काही मागे आजी-आजोबांजवळ राहतात. मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की ट्रॅक्टर परत येतात आणि दुसऱ्या दिवशी वर्गात ओळखीचे, उन्हाने रापलेले चेहरे दिसायला लागतात.

जाताना आम्ही पोरांच्या हातात शिक्षण हमी कार्ड देतो, म्हणजे जिथे जातील तिथल्या शाळेने त्यांना बसवून घ्यावं. परत आली की चाचणी घेतो. कुणाला वाचन येईना, कोण वजाबाकी विसरलं, सगळं तक्त्यात भरून केंद्रप्रमुखांकडे पाठवायचं. पोर सहा महिन्यांत काय विसरलं यासाठी रकाने भरपूर आहेत. काय शिकून आलं यासाठी एकही नाही. मी पहिली-दुसरीला शिकवते, आणि जोडीचे गुरुजी मीटिंगला गेले की चारही वर्ग माझ्याच गळ्यात. त्या नसलेल्या रकान्यासाठी मी एक दोनशेपानी वही घातली. पुढचं बरंचसं त्या वहीतलं आहे.

तिसरीतला एक पोरगा कारखान्यावरून आला. चाचणीत त्याला २३ गुणिले ४ दिलं. चार त्रिक बारा, चार दुणे आठ, असं पुटपुटत त्याने पाटीवर लिहिलं ८१२. हातच्याचं नाव नाही. गुरुजींनी तक्त्यात त्याच्यापुढे 'गुणाकार येत नाही' अशी खूण केली. मधल्या सुट्टीत तो ओट्यावर बसून चिंचोके मोजत होता, तेव्हा मी सहज विचारलं, तिकडं काय करत होतास? म्हणाला, वाढे विकत होतो.

वाढे म्हणजे उसाचा शेंड्याकडचा हिरवा भाग. तोडणाऱ्याच्या वाट्याला तेवढाच येतो. त्याच्या पेंड्या बांधायच्या आणि रस्त्यावर, गावात, दूधवाल्यांना विकायच्या. मजुरी मुकादमाकडून आधीच घेतलेल्या उचलीत वळती होत असते, त्यामुळे मीठ-मिरचीला रोख पैसा लागला तर तो वाढ्यांतूनच.

"पेंडी कितीला?"

"चारला."

"तेवीस घेतल्या तर?"

"ब्याण्णव." चिंचोक्यांवरची नजरही त्याने काढली नाही.

"कसे रे?"

"पंचवीस पेंड्याचे शंभर. दोन कमी हायेत. आठ गेले."

"मग मघाशी पाटीवर आठशे बारा कसे आले?"

"ते गणित हाय बाई. हे वाढे हायेत."

हे तो चिडवून म्हणाला नाही. दोन वेगळ्या गोष्टी बाईंना एकच का वाटतात, एवढाच त्याला प्रश्न पडला होता. मी पुढे म्हटलं, समज, तेवीस पेंड्यांचे मी आठशे बारा दिले तर? तो हसायलाच लागला. आठशे बारा कोण देतंय? म्हणजे उत्तर बरोबर की चूक हे तपासायची अक्कल त्याच्यापाशी होती. पाटीपुढे बसला की ती तो बाजूला ठेवत होता. रस्त्यावर पाच रुपये चुकले तर गिऱ्हाईक तोंडावर बोलतं आणि संध्याकाळी बाप विचारतो. पाटीवर चुकलं तर लाल फुली. फुलीने कुणाचं काय अडतं?

पंचवीसचे शंभर हे त्याला शिकवलं कुणी? मी खोदून विचारलं. कुणीच नाही. चुलत भाऊ विकायचा, हा त्याच्या मागे उभा राहायचा. मग भाऊ कोयत्याला लागला आणि हा पुढे आला. चार रुपयांच्या मालात शंभराची नोट आली की पंचवीस द्यायच्या, हे त्या रस्त्यावर सगळ्यांना तोंडपाठ. बाकीचे आकडे त्या पंचवीसच्या अलीकडे-पलीकडे मोजायचे.

नंतर कळलं की असं पोरगं जगात पुष्कळांनी पाहिलंय. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात तेरेझिना कॅराहर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच पोरांचा अभ्यास १९८५ साली छापला. एका पोराला विचारलं, पस्तीसचं एक तर दहा नारळांचे किती? पोराने पस्तीसच्या पुढे शून्य लावलं नाही. तीन नारळांचे एकशे पाच त्याला पाठ होते. तीन-तीनच्या टप्प्याने तो तीनशे पंधरापर्यंत गेला आणि त्यात पस्तीस घातले. या पोरांची धंद्यातली ९८ टक्के उत्तरं बरोबर होती. तीच गणितं आकडेमोड म्हणून कागदावर दिली तर ३७ टक्के.

आपल्याकडचा अभ्यास त्याहून फार मोठा आहे. नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो, शिवाय एलिझाबेथ स्पेल्की आणि इतरांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी १,४३६ मुलं पाहिली. २०२५ च्या फेब्रुवारीत तो लेख 'नेचर'मध्ये आला. ही मुलं तोंडी हिशोबात पक्की आणि शाळेच्या साध्या उभ्या मांडणीत अडकणारी निघाली. आमच्या वस्तीवर हे सांगायला नोबेलवाले कशाला हवेत, असं गुरुजी म्हणाले. पण लेखाचा दुसरा भाग त्यांनाही नवा होता. जवळच्याच शाळांतली, बाजारात कधी न बसलेली ४७१ मुलं पाहिली, तर नेमकं उलटं. पाटीवरचं साधं गणित त्यांना जास्त चांगलं येत होतं. पण बाजारातला जो हिशोब कामकरी मुलांपैकी एक तृतीयांशाहून जास्त जणांनी बरोबर सोडवला, तो या मुलांपैकी फक्त एक टक्क्याला जमला.

म्हणून वाढेवाल्या पोराचं कौतुक करून थांबणं मला पटत नाही. माझा भाचा तालुक्याच्या गावी इंग्रजी शाळेत आहे, पेपरात पैकीच्या पैकी. त्याला पन्नासची नोट देऊन सतराचं दूध आणि बारा रुपयांचा पाव आणायला सांगितलं. दुकानदाराने दिले तेवढे पैसे त्याने मुठीत घट्ट धरून आणले, किती परत आले ते बघितलंसुद्धा नाही. तो हुशार नाही असं कुणी म्हणेल का? त्याच्याभोवतीच्या मोठ्यांनी त्याला पैशात कधी उतरवलंच नाही, एवढंच.

आता त्या पोराच्या थोरल्या बहिणीचं सांगते, कारण वही चाळताना मी सगळ्यात जास्त तिथेच थांबते. चौथीतली. एकाच कोपीत, म्हणजे तळावरच्या झोपडीत, राहिलेली ही भावंडं. आई-बाप रात्री तीनलाच फडावर जायचे. पोरगी धाकट्या तान्ह्याला घेऊन कोपीवर. पाणी भरायचं, चूल पेटवायची, भाकरी थापायच्या, तान्हं रडलं की फडावर आईकडे घेऊन जायचं. भाऊ रस्त्यावर वाढे विकत होता, तिथे त्याला दिवसभर परकी माणसं भेटत होती. दूधवाला, मोटारसायकलवाला, घासाघीस करणारी म्हातारी. बोलावंच लागायचं, आणि आकड्यांतच बोलावं लागायचं. बहिणीशी दिवसभर बोलायला होतं ते तान्हं बाळ.

तिला मी वाढ्याचा भाव विचारला. माहीत नव्हता. मग विचारलं, पीठ किती लागायचं? तिथे तिची जीभ सुटली. बापाला चार भाकरी, आयेला तीन, भावाला दोन, मला दीड. अर्धी उरती ती सकाळच्याला. दोन ओंजळी पिठाच्या तीन भाकरी होतात, पीठ जुनं असलं तर ओंजळ वाढवावी लागते. मी म्हटलं, एवढं सगळं कोण सांगतं तुला? "कोण न्हाई. कमी पडली की आय बोलती." तिचंही गणित अनुभवाचंच, पण ते कुणी मोठ्याने विचारत नाही आणि ती कुणाला मोठ्याने सांगत नाही. भावाचा हिशोब तोंडातून बाहेर पडून पक्का झाला. तिचा हाताच्या ओंजळीत राहिला. ऊसतोडीवर बोलताना आपण सरसकट 'स्थलांतरित मुलं' म्हणतो. पण कोपीतला मुलगा आणि कोपीतली मुलगी यांचा परिसर एक नसतो.

यात कुणी गंमत शोधू नये. ही भावंडं कोपीत होती तेव्हा ऊसतोडीला टनामागे २७३ रुपये दर होता. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के वाढ होऊन तो ३६६ झाला. एका कोयत्याने दिवसाकाठी दीड-दोन टन तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर वाहून गाडी भरायची. खाडा झाला तर त्याचे पैसे मुकादम कापून घेतो. या हिशोबात पोराचे वाढे आणि पोरीच्या भाकरी धरलेल्याच असतात. पोरं तिथे गणित शिकायला जात नाहीत, दुसरा इलाज नसतो म्हणून जातात. तरीही जे येतं ते येतं. ही पोरं अडीच टन, पावणेदोन टन असं सर्रास बोलतात, आणि अपूर्णांकांचा धडा उघडला की पुस्तकातल्या कापलेल्या सफरचंदाकडे बघत बसतात.

मागे राहणाऱ्या पोरांची गोष्ट वेगळी. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृह असतं, जेवणाची सोय होते. संध्याकाळी बोलायला मात्र थकलेली आजी असते. आजी प्रेमळ, पण तिचं बोलणं चार कामापुरतं: जेव, झोप, शेरडं बांध. मग नातवाच्या हातात मोबाइल येतो. पहिलीत नाव घातलेली अशी दोन पोरं मला आठवतात. त्यांना 'वन टू थ्री' वीसपर्यंत सुरात म्हणता येई, पण पुढ्यातले सात खडे मोजा म्हटलं की बोट एका खड्यावर आणि तोंड पाचवर. मोबाइल मोजून दाखवतो, पण पोराचं बोट कुठे आहे हे त्याला दिसत नाही. त्याला जवळ बसलेलं माणूस लागतं.

याच वस्तीत एक म्हातारे आजोबा आहेत. अंगठेबहाद्दर. धान्य मापताना एकला एक न म्हणता 'लाभ' म्हणतात, मग दोन, तीन. सवायकी, दिडकी, अडीचकी त्यांना मुखोद्गत, ऐकून ऐकून. त्यांचा नातू त्यांच्याबरोबर एकी-बेकी खेळतो: मुठीत चिंचोके घ्यायचे, समोरच्याने ओळखायचं, एकी की बेकी, मग जोड्या लावून मोजायचे. सम-विषम संख्या त्या पोराला शाळेत यायच्या आधीच कळत होत्या. घरात पुस्तक नाही, वर्तमानपत्र नाही. पण म्हातारा पोराला हिशोबात घेतो, चुकला की थांबवतो, जिंकला की चिंचोके देतो.

भाषेच्या बाबतीत अमेरिकेत एक गाजलेला अभ्यास आहे, हार्ट आणि रिझली यांचा, १९९५ चा. ४२ कुटुंबं पाहून त्यांनी हिशोब मांडला की तीन-चार वर्षांचं होईपर्यंत गरिबाघरचं मूल सुखवस्तू घरच्या मुलापेक्षा तीन कोटी शब्द कमी ऐकतं. प्रशिक्षणांत हा आकडा फार फेकला जातो. २०१८ साली स्पेरी आणि सहकाऱ्यांनी त्यावर बोट ठेवलं: आईने थेट मुलाशी काढलेले शब्द तेवढे मोजू नका, आजूबाजूच्या सगळ्यांचं मुलाच्या कानावर पडणारं बोलणंही मोजा, मग चित्र बदलतं, आणि गरीब वस्त्यांमध्येसुद्धा एकमेकींत पुष्कळ फरक दिसतो. मला दुसरं जास्त पटतं. कोप्यांच्या तळावर शांतता नावाला नसते. मुकादमाशी भांडणं, वजनकाट्यावरची हुज्जत, रात्रीची गाणी, सगळं पोरं ऐकतात. प्रश्न एवढाच, की त्या बोलण्यात पोराला कुणी ओढून घेतं का.

कर्नाटकातून परतलेला एक पोरगा मराठी वाचनात मागे होता. मी त्याला बागलकोटची गंमत विचारली तर त्याने मला अख्खा बाजार करून दाखवला: एष्टु, ऐदु, हत्तु, बेड बेड. भाव विचारायचा, पाच-दहात बोलायचं, नको म्हणून पाठ फिरवायची आणि परत यायचं. पाठ फिरवताना त्याने खांद्यावर नसलेलं उपरणं झटकलं, वर्ग लोटपोट. आमच्या तक्त्यात तो 'भाषा: अप्रगत'.

तांड्यावरची एक मुलगी घरी गोरमाटी बोलते. आईला याडी म्हणते. पहिले दोन-तीन महिने ती वर्गात एक शब्द बोलली नाही. बेरीज-वजाबाकीची गोष्ट पुस्तकातून वाचली की गप्प. फुगे 'फुटले' की वजा करायचे, हे तिला समजायला आधी 'फुटले' समजावं लागत होतं. तांड्यावरच्याच चौथीतल्या मुलीला मी तिच्या शेजारी बसवलं. ती कानात सांगायची आणि ही बोटं दाखवायची. उत्तरं पहिल्या दिवसापासून बरोबर होती. अडलं होतं ते मराठीत.

आणि मराठीतही सगळं सरळ नाही. त्रेपन्न म्हटलं की कानाला आधी तीन लागतात, मग पोर ३५ लिहितं. ही चूक दरवर्षी, दर वर्गात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'पन्नास तीन' अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला, विधानसभेपर्यंत गाजलं. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे समजावत होत्या की जुनी नावं काढलेली नाहीत, सोप्या वाटेची जोड दिली आहे. टीव्हीवर मराठीचं काय होणार याची चिंता करणाऱ्यांपैकी किती जणांनी पहिलीतल्या पोराला त्रेपन्न लिहायला लावलं असेल? आम्ही वर्गात दहाच्या पाच खोट्या नोटा आणि रुपयाची तीन नाणी मांडतो. पन्नास तीन म्हणा, त्रेपन्न म्हणा, हातात आल्यावर ३५ कुणी लिहीत नाही. वाढे विकलेल्या पोरांना हे सांगावंही लागत नाही.

मग मी काय केलं? फार काही नाही. बालआनंद मेळावा सगळ्याच शाळा भरवतात. आया वडापाव करून देतात, शिक्षक विकत घेतात, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर जातात. आम्ही तो लहान करून आठवड्यात बसवला. शुक्रवारी शेवटचा तास बाजार. मेथीची जुडी, चिंचोके, बोरं, पेन्सिली, खोटे पैसे. विकणाऱ्याच्या जागी मुली आधी, हा नियम केला, आणि त्यावर पोरांनी कुरकुर केली तरी तो मोडला नाही. बाजार उठला की त्याच दिवशी, त्याच व्यवहाराची पाटीवर मांडणी. इथेच खरं काम होतं, कारण नुसता बाजार भरवून पोराचं लेखी गणित सुधारत नाही. कोलकात्याच्या मुलांनी ते दाखवून दिलेलंच आहे.

वाढेवाल्या पोराला मी फळ्याशी उभं केलं. तो बोलला, मी लिहिलं: पंचवीस चोक शंभर, त्याखाली वजा दोन चोक आठ, ब्याण्णव. शेजारी मी आमची उभी मांडणी केली, हातच्यासकट. वीस चोक ऐंशी, तीन चोक बारा, ब्याण्णव. तो बराच वेळ दोन्हीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बाई, म्हंजी तुमीबी तोडूनच करताव." हातचा त्याला त्या दिवशी कळला असं मी म्हणणार नाही, पुढे कितीतरी दिवस तो एकं-दशकं घसरत होता. पण ८१२ पुन्हा लिहिलं नाही. उत्तर लिहिण्याआधी 'एवढे कोण देतंय' हे तो स्वतःला विचारायला लागला. तीन-चार महिन्यांत वर्गातली इतर पोरंही शंभराच्या अलीकडे-पलीकडे मोजायला लागली. त्याची बहीण बाजारात भाकरी विकायला बसली आणि दीड भाकरीचा भाव तिने न अडखळता सांगितला.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ साली बोर्डीला गेल्या, पुढे कोसबाडच्या टेकडीवर. आदिवासी पोरं शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी अंगणातच बालवाडी भरवली, आणि गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. कुरणातले खडे, पानं, बिया हीच साधनं. आज अंगणवाडी हा शब्द सरकारी झाला आहे. त्यातलं अंगण बरेचदा उरलेलं नसतं.

एप्रिल आणि जूनमध्ये शाळापूर्व तयारीचे मेळावे होतात. पहिलीत येणाऱ्या पोरांना टेबलाटेबलांवर फिरवून रंग ओळख, आकडे मोज, असं बघतात. यंदा आपल्या शाळेत हा मेळावा असेल तर शिक्षक मित्रांनो, अंकांच्या टेबलावर चित्रांच्या कार्डांशेजारी दहा-वीस नाणी, थोडे चिंचोके आणि एक पीठ मापायची वाटी ठेवा. पोराला आधी विचारा, घरी काय काम करतोस, काय मोजतेस, कुणाशी बोलतोस. उत्तर त्याच्या भाषेत येऊ द्या. ते समजत नसेल तर त्याच्या तांड्यावरचं, गल्लीतलं मोठं पोर बोलवा. आणि जे येतं ते त्याच्या नावापुढे लिहा. रकाना छापलेला नसला तर हाताने आखून घ्या.